फाइल नको, लिंक पाठवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाणे आवडले की ते दुसऱ्याला ऐकवावेसे वाटतेच. गाणी पसरतात ती अशीच, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो कसे ऐकवायचे याचा. ग्रुपवर फिरणारी पन्नास गाण्यांची झिप फाइल, कुणाच्या तरी ड्राइव्हवरचे खुले फोल्डर, एकाच स्थिर चित्रामागे अख्खा अल्बम लावून चढवलेला व्हिडिओ, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर बोलणाराच विक्षिप्त ठरतो. आणि बोलणे निघालेच, तर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही सरळ चोरी. दुसरा म्हणतो, कंपन्या गब्बर आहेत, त्यांचे काय बिघडते, उलट कलावंताची फुकट जाहिरात होते. मोजणीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. ध्वनिमुद्रित संगीतातून कलावंताला आज जे मिळते त्याचा मोठा भाग गाणे कुठे आणि किती वेळा वाजले या नोंदीवर ठरतो. फाइल हातोहात गेली की गाणे वाजते, पण नोंद होत नाही. त्याची झळ भलत्याच माणसाला लागते. कशी, ते सांगण्यासाठी हे पत्र.

हे सगळे आकाराच्या गणितातून सुरू झाले. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा धरून दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, मिनिटाला साधारण १० एमबी. चार मिनिटांचे गाणे ५६ के मोडेमवरून पाठवायला, लाइन मध्ये तुटली नाही असे धरले तरी, एक तास चाळीस मिनिटे लागली असती. एमपी३ने कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळून तेच गाणे १२८ केबीपीएसवर (सेकंदाला १२८ किलोबिट), म्हणजे अकराव्या हिश्शात बसवले. पावणेदोन तासांचे काम नऊ-दहा मिनिटांवर आले. १९९९च्या जूनमध्ये नॅपस्टर ही लोकांना आपसांत फाइली देऊ-घेऊ देणारी सेवा सुरू झाली आणि पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. फाइली लोकांच्या संगणकांवर, पण कोणती फाइल कुणाकडे आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर, अशी ती रचना होती. ती यादीच न्यायालयात त्यांच्या अंगाशी आली आणि जुलै २००१मध्ये ती सेवा थांबली. मधली यादी काढून टाकणाऱ्या नंतरच्या सेवांनाही २००५च्या ग्रॉक्स्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोडले नाही. लोकांना उल्लंघनासाठी उद्युक्त करणाराही जबाबदार, असा तो निकाल होता.

नुकसान किती झाले, यावर प्रामाणिकपणे बोलायचे तर दोन्ही बाजूंची अतिशयोक्ती सोडून द्यावी लागते. ध्वनिमुद्रित संगीताची जागतिक उलाढाल १९९९ ते २०१४ या काळात सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. पण याच काळात, २००३पासून, एकेक गाणे सुटे विकत मिळू लागले. दोन गाण्यांसाठी बारा गाण्यांचा अल्बम घेण्याची सक्ती संपली, आणि घसरणीचा काही भाग या बदलाच्या खात्यावर जातो. संशोधकांचेही एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांना २००७च्या अभ्यासात विक्रीवरचा परिणाम शून्याच्या आसपास दिसला, आणि त्यांच्या पद्धतीवर इतर अर्थशास्त्रज्ञांनी जोरदार आक्षेप घेतले. रॉब आणि वाल्डफोगेल यांच्या २००६च्या अभ्यासात, त्यांनी पाहणी केलेल्या गटापुरते, डाउनलोड केलेल्या प्रत्येक अल्बममागे खरेदी ०.२ने कमी झाली. सोप्या भाषेत, फुकट उतरवलेल्या पाचांपैकी एक अल्बम एरवी विकत घेतला गेला असता. तेव्हा ‘प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री’ हे खोटे आणि ‘कुणाचेच काही जात नाही’ हेही खोटे.

पण हे सगळे प्रती विकण्याच्या काळातले हिशेब झाले. २०२३मध्ये जागतिक उलाढाल २८.६ अब्ज डॉलरवर पोचली आणि तिच्यातला दोन तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा स्ट्रीमिंगचा होता. स्ट्रीमिंगचे गणित वेगळे आहे, आणि ते आकडे घेऊनच समजते.

समजा एका सेवेचे दोनच वर्गणीदार आहेत आणि प्रत्येक जण १०० एकक भरतो. सेवा ढोबळमानाने ३० टक्के स्वतःकडे ठेवते. २००मधून ६० गेले, वाटपाला १४० उरले. पहिला श्रोता दिवसभर पार्श्वभूमीला एका गाजलेल्या गायकाची गाणी लावून ठेवतो: महिन्यात ९०० वेळा. दुसरा निवडून ऐकतो, एका अल्पपरिचित गायिकेची गाणी, १०० वेळा. बहुतेक सेवा सगळे पैसे एका हौदात टाकून एकूण वादनांनी भागतात. १४० भागिले १,००० म्हणजे वादनाला ०.१४. गायिकेच्या वाट्याला आले १४, गाजलेल्या गायकाच्या वाट्याला १२६. दुसऱ्या श्रोत्याने स्वतः भरलेल्या पैशांतले ७० वाटपात आले होते आणि त्याने त्या गायिकेशिवाय कुणालाच ऐकले नव्हते, तरी हे असे होते. ही पद्धतच अन्यायाची आहे हे खरे. ज्याने जे ऐकले त्यालाच त्याचे पैसे, ही दुसरी पद्धत साउंडक्लाउड या सेवेने २०२१मध्ये आणली. तिच्यात गायिकेला पूर्ण ७० मिळाले असते. मोठ्या सेवा मात्र अजून प्रामुख्याने हौदाच्याच हिशेबावर चालतात.

आता यात फाइल आणा. त्या दुसऱ्या श्रोत्याला मित्राने त्या गायिकेचा अल्बम एमपी३मध्ये पाठवला. तो ती १०० वादने फोनमधल्या फाइलीवरून ऐकू लागला. वर्गणी चालूच आहे, कारण ती कुटुंबाच्या प्लॅनमधून जाते. आता हौदात मोजलेली वादने ९००च राहिली आणि १४०च्या १४० गाजलेल्या गायकाकडे गेले. गायिकेचे १४ बुडाले, आणि तिच्या चाहत्याने भरलेले पैसे त्याने कधीही न ऐकलेल्या गायकाला पोचले. ‘कंपन्यांचे काय बिघडते’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे एका अर्थी बरोबरच आहे. मोठ्या कंपनीचे काही बिघडले नाही, तिला चार पैसे अधिकच मिळाले. प्रत्यक्षात वर्गणीदार लाखोंनी असतात, देश आणि प्लॅननुसार हौद वेगळे असतात, पण भागाकार हाच.

त्यात आणखी एक उंबरठा आहे. स्पॉटिफायवर २०२४पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वादने न झालेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही. त्या गाण्याचे पैसे उरलेल्या गाण्यांत वाटले जातात. ९५० वादनांवर अडकलेल्या गाण्याला पन्नास-साठ वादने कमी पडणे म्हणजे थोडे कमी पैसे नव्हे, शून्य पैसे. एका बऱ्या मोठ्या ग्रुपवर फाइलऐवजी लिंक गेली असती तरी तो उंबरठा ओलांडला गेला असता.

‘पण प्रवासात नेट नसते’ ही अडचण खरी आहे आणि तिला उपायही आहे. ॲपमधली ऑफलाइन डाउनलोडची सोय वापरली की वादने फोनमध्ये नोंदली जातात आणि पुन्हा जोडणी मिळाली की हिशेबात जमा होतात. त्यासाठीच अशी ॲप्स महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन या म्हणतात. एक वादन धरले जायला गाणे किमान ३० सेकंद वाजावे लागते, हेही लक्षात असू द्यावे. लिंक उघडून दहा सेकंदांत बंद केली तर कुणालाच काही मिळत नाही.

पैसे पुढे कसे फुटतात? एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. स्ट्रीमिंगच्या शंभरातले, पुन्हा ढोबळमानाने, ५५ ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि १५ रचनाकारांच्या बाजूला जातात. ५५मधून गायकाला करारातली टक्केवारी मिळते, आणि तीही बहुधा आधी दिलेली उचल फिटल्यावर. साथीच्या वादकांना एकरकमी मानधन मिळालेले असते, मागणीनुसार ऐकण्याच्या स्ट्रीमिंगमधून त्यांना बहुतेक देशांत काहीच येत नाही. अमेरिकेत इंटरनेट रेडिओच्या रकमेचे ५० टक्के मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला, असे विभाजन ठरलेले आहे. साथीदाराची आठवण ठेवणारी अशी वाट विरळाच. त्याला फुकट वाटपाची झळ थेट लागत नाही, ती उशिरा लागते. पुढच्या ध्वनिमुद्रणात आठ वादकांऐवजी दोन बोलावले जातात आणि उरलेले संगणकावर वाजते.

रचनाकारांचा हक्क वादनाच्या मोजणीशी बांधला गेला तो आजचा नव्हे. १८४७मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत बूर्जे नावाच्या रचनाकाराने साखरपाण्याचे बिल द्यायला नकार दिला. माझी रचना तुम्ही फुकट वाजवता, मग मीही तुमचे फुकट पितो, असा त्याचा युक्तिवाद. खटला तोच जिंकला आणि त्यातून १८५१मध्ये रचनाकारांचे पैसे वसूल करून वाटणारी सासेम ही संस्था उभी राहिली. आजच्या अशा सगळ्या संस्थांची ती पूर्वज.

पैशांनंतर नाव. याकडे तर कुणाचेच लक्ष नसते. एमपी३ फाइलीत माहिती ठेवायची पहिली पद्धत १९९६ची: फाइलीच्या शेवटी १२८ बाइट्सची चिठ्ठी. त्यात शीर्षकाला ३० बाइट्स, कलावंताला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. गीतकाराला जागाच नाही, संगीतकारालाही नाही. आणि यूनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत एक देवनागरी चिन्ह तीन बाइट्स खाते, म्हणजे ३० बाइट्समध्ये काना-मात्रा धरून फक्त दहा चिन्हे! नंतरच्या पद्धतीत संगीतकार, गीतकार आणि गाण्याचा ओळख-क्रमांक यांना स्वतंत्र रकाने आले, पण फाइल व्हिडिओवरून ओढली की ते बहुधा रिकामेच राहतात. उरते काय, तर ‘ट्रॅक ०३’ किंवा ती फाइल जिथून उतरवली त्या संकेतस्थळाचे नाव. अशी निनावी फाइल दहा हातांतून गेली की गीतकार कोण याची माहिती त्या गाण्यापासून कायमची तुटते. मग तेच गाणे कुणी ‘पारंपरिक’ म्हणून चढवतो. हे द्वेषाने होत नाही, अज्ञानाने होते, आणि निस्तरताना नाकी नऊ येतात.

दर्जाबद्दलही एक भ्रम दूर करायला हवा. व्हिडिओवरून ओढलेल्या गाण्यावर ‘३२० केबीपीएस’ असे लिहिलेले असते. मुळात व्हिडिओमधला आवाज आधीच दाबलेला असतो. त्याला ३२०च्या साच्यात घातले तर फाइल फुगते, गाळलेला तपशील परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबताना आणखी थोडा जातो. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखावर, पाहिले की १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग सपाट कापलेला दिसतो. झांजा, टाळ्या, स-श यांचे उच्चार तिथे चरचरतात. आणि ऐकणारा म्हणतो, रेकॉर्डिंगच वाईट आहे.

काही समजुती इतक्या पसरल्या आहेत की त्यांना उत्तर देणे भाग आहे. ‘३० सेकंदांपर्यंत वापरले तर चालते’ असा सरसकट नियम कुठेही नाही. टीका, संशोधन, अध्यापन यांसाठी मर्यादित वापराची मुभा असते, पण ती हेतू आणि प्रमाण पाहून ठरते, घड्याळ लावून नाही. ‘श्रेय मूळ कलावंतांना, हक्कभंगाचा हेतू नाही’ हे वाक्य खाली लिहिल्याने परवानगी मिळत नाही. लिहिणाऱ्याला गाणे दुसऱ्याचे आहे हे माहीत होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. वेग थोडा वाढवणे, पट्टी अर्ध्या सुराने बदलणे, मागे पावसाचा आवाज टाकणे यांनी फार तर ओळखणारी यंत्रणा चकते, हक्क बदलत नाही. आणि ‘रचना शंभर वर्षांपूर्वीची आहे’ हा दावा रचनेपुरता बरोबर असू शकतो. तिचे पाच वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण मात्र संरक्षितच असते. रचनेची मुदत भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, युरोपीय संघात ७०. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून स्वतंत्र मोजतात. अमेरिकेत १९२३पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ला एकदम मुक्त झाली, ती याच वेगळ्या मोजणीमुळे.

ज्या कलावंतांची गाणी अशी चढवली जातात त्यांनी काय करावे, हेही लिहायला हवे, कारण संताप भरपूर असतो आणि कागद अपुरा. आधी पुरावा घ्यावा: पानाचा पूर्ण पत्ता, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, चढवणाऱ्या खात्याचे नाव. मग ते काढून टाकण्याची सूचना त्या सेवेला पाठवावी. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याचा नमुना जवळपास सगळ्या मोठ्या सेवा स्वीकारतात. त्यात मूळ कृती कोणती, उल्लंघन नेमक्या कोणत्या पत्त्यावर, आपला संपर्क, हा वापर अनधिकृत असल्याची सद्भावपूर्वक खात्री, माहिती अचूक असल्याचे व आपण हक्कदार किंवा त्याचे प्रतिनिधी असल्याचे निवेदन, आणि सही लागते. ‘तुमच्या साइटवरची माझी सगळी गाणी काढा’ असे लिहिलेले पत्र परत येते, कारण प्रत्येक पत्ता वेगळा द्यावा लागतो. समोरच्याने प्रतिसूचना दिली, म्हणजे हे उल्लंघन नाही असे उलट कळवले, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत दिसू लागतो, दरम्यान आपण दावा दाखल केला नसेल तर. म्हणून मालकीची कागदपत्रे नसताना सूचना धाडण्याची घाई करू नये.

यूट्यूबची २००७पासूनची कंटेंट आयडी यंत्रणा याहून सोयीची आहे. मूळ फाइलीचा ठसा घेऊन ती चढवलेल्या व्हिडिओंशी ताडून पाहते. मग अडवायचे, जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे हक्कदार ठरवतो. पैसे वळवणे हाच पर्याय आम्हांला बहुतेक वेळा शहाणपणाचा वाटतो. चाहता दुखावत नाही आणि मोजणी सुरू होते. एकट्यादुकट्या कलावंताला तिथे थेट प्रवेश नसतो, वितरकामार्फत (गाणी सेवांपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत) जावे लागते आणि तो आपला हिस्सा घेतो. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, तेच ध्वनिमुद्रण दोन वितरकांकडे देणे: दोघांचे दावे आपसांत भिडतात आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. दुसरी, सर्वांना वापरायला मिळणारा विकतचा तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारा सुरावटीचा किंवा तालाचा तुकडा) गाण्यात असताना ते गाणे ठशासाठी देणे. मग तोच लूप वापरणाऱ्या निरपराध लोकांच्या व्हिडिओंवर आपल्या नावाने दावे लागत सुटतात आणि शेवटी आपलीच सोय काढून घेतली जाते.

प्रकाशनाआधी फुटलेली फाइल सर्वांत वाईट. कुणीतरी ती स्वतःच्या नावाने आधी प्रकाशित करतो आणि मूळ कलावंताने गाणे चढवले की दावा त्याच्यावरच लागतो. कच्चे मिक्स दाखवायचे तर उतरवता न येणारी खासगी लिंक द्यावी, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे फुटले तर कुठून ते कळते.

ज्यांना खरोखरच फाइल वाटायची हौस आहे त्यांना मोकळे मैदानही आहे. ठरावीक अटींवर कृती मोफत वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२पासून आहेत आणि असंख्य कलावंत आपणहून त्याखाली संगीत देतात. फक्त अटी वाचाव्यात. ‘अव्यावसायिक’ अट असलेले संगीत जाहिराती चालणाऱ्या व्हिडिओला लावू नये. ‘बदल नको’ अट असेल तर ते चित्राला जोडणेही चालत नाही, कारण चित्राशी जुळवणे हे रूपांतर धरले जाते. विकत घ्यायचे तर कलावंताच्या पानावरून थेट घ्यावे. बँडकॅम्पसारखी सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के, आणि विक्री एका मर्यादेपुढे गेली की १० टक्के ठेवते, बाकीचे, पैसे भरण्याचा खर्च वजा जाता, कलावंताचे. एका अल्बमची अशी एक विक्री शेकडो वादनांना भारी पडते.

शेवटी मोजणीची दुसरी बाजू, जिच्यासाठी श्रोत्यांना दोष देता येत नाही. वादन नोंदले गेले तरी ते कुणाचे हे जुळले नाही तर पैसे पडून राहतात. अमेरिकेत रचनाकारांसाठी नवी वसुली संस्था सुरू झाली तेव्हा, फेब्रुवारी २०२१मध्ये, स्ट्रीमिंग सेवांनी तिच्याकडे अशी न जुळलेली ४२ कोटी ४० लाख डॉलरची साठलेली रक्कम सोपवली. नावातला एक वर्ण चुकणे, गीतकाराचा क्रमांक नसणे, एवढ्यावरून हे घडते. म्हणून ध्वनिमुद्रण संपले की घरी जाण्याआधी वाट्यांचा कागद भरावा: प्रत्येकाचे अधिकृत नाव, संस्थेतला क्रमांक, टक्केवारी, सही, तारीख. बेरीज १००च यायला हवी. चौघांनी आपापल्या परीने नोंद करून ती ११० झाली तर वाद मिटेपर्यंत पैसे थांबतात, ज्याचा वाटा निर्विवाद आहे त्याचेसुद्धा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांकांचा आयएसआरसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक घ्यावा. पुन्हा मुद्रित केले तर नवा. पण वितरक बदलताना तोच जुना क्रमांक द्यावा, नाहीतर आधीची सगळी वादने नव्या नोंदीला चिकटत नाहीत आणि १,०००चा उंबरठा पुन्हा शून्यापासून चढावा लागतो.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि संगीत-हक्कांच्या कामातले काही वाचक